करवंदाचा काटा आणि अंगातली फौज

वैशाखात तोरण्याच्या पायथ्याच्या जाळ्या करवंदांनी लगडतात आणि वेल्ह्यातली पोरं दुपारभर त्यांतच असतात. गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीच्या टाचेत असाच काटा मोडला. निम्मा निघाला, निम्मा आत राहिला. पहिल्या दिवशी टाच नुसती लाल. दुसऱ्या दिवशी ठणका. मामी सुई घेऊन कोरायला निघाली, तर आजीनं तिला अडवलं. "हात नको लावू. पिकू दे. आपसूक येतोय भाईर." तिसऱ्या दिवशी पांढरट तोंड दिसायला लागलं. चौथ्या दिवशी कोमट पाण्यात पाय बुडवला आणि पुवाबरोबर काट्याचं टोक बाहेर आलं. मधल्या काळात उपकेंद्रातल्या सिस्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं. ते द्यायलाच हवं होतं.

त्या चार दिवसांत टाचेच्या आत जे चाललं होतं, ते कळायला माणसाला १८८२ साल उजाडावं लागलं. गंमत म्हणजे तेव्हाही निमित्त काट्याचंच होतं.

सर्कस चुकवली म्हणून

इल्या मेचनिकॉफ हा रशियन साम्राज्यातला प्राणिशास्त्रज्ञ. त्या वर्षी तो इटलीतल्या मेसिना गावी समुद्रकाठी मुक्कामाला होता. एके दिवशी घरची सगळी मंडळी माकडांचे खेळ बघायला सर्कशीला गेली. हा एकटा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. समोर तारामाशाच्या अळ्या होत्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. त्यांच्या पोटात काही पेशी स्वतःच्या मर्जीनं इकडून तिकडे फिरत होत्या. त्याच्या मनात आलं, हे पहारेकरी तर नसतील? तसं असेल तर बाहेरचं काही आत घुसल्यावर त्यांनी धावून यायला हवं. तो उठला, बागेतल्या गुलाबाचे काटे घेऊन आला, अळ्यांच्या कातडीखाली सरकवले आणि रात्र तळमळत काढली. उजाडल्यावर पाहतो, तर प्रत्येक काट्याभोवती पेशींनी कोंडाळं केलेलं!

या पेशी नुसत्या जमत नाहीत, त्या परक्या जिवाला गिळतात. म्हणून त्यांना भक्षक पेशी म्हणतात. पॉल एर्लिख आणि त्याच्या बाजूचे शास्त्रज्ञ म्हणत होते की खरं संरक्षण रक्तरसात विरघळलेल्या द्रव्यांचं आहे, पेशींचं नव्हे. पंचवीसेक वर्षं हा वाद रंगला. १९०८ मध्ये नोबेल समितीनं पारितोषिक दोघांना मिळून दिलं, आणि ते योग्यच होतं. आपल्या अंगात दोन्ही पहारे आहेत आणि एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही.

गुरू मेसिनात, शिष्य भायखळ्यात

या मेचनिकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी पुढे थेट मुंबईत येऊन राहिला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेवरून बस जाते तेव्हा कितीजणांना ठाऊक असतं की पेशींचा पहारा ज्यानं शोधला, त्याचा हा चेला?

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसं पटापट मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे, हे ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी. ऑक्टोबरात हाफकिन आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. लस बनवायची तर जंतू ढिगानं वाढवायला हवेत. मांसाच्या रश्श्यात ते हवे तसे वाढेनात. मग त्यानं रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. हो, आपलं साजूक तूप! त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबकळत वाढू लागले, गुहेच्या छताला लटकणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे. बाटली हलवली की ते तळाशी पडत आणि तुपाखाली नवे लोंबू लागत. असे जंतू उष्णता देऊन मारायचे आणि मेलेले माणसाला टोचायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण आपली चेहरेपट्टी अंगाला दाखवून ठेवतो. खरा आला की अंग तयार असतं.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिननं ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकलं, तो बरा झाला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी स्वतःहून तयार झाले, त्यांना ती दिली गेली आणि तिथला प्लेग टोचून घेतलेल्यांमध्ये ठळक कमी दिसला.

आता पुण्याकडे या. १० मार्च १८९७ ला, म्हणजे हाफकिननं स्वतःला सुई टोचल्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगानं गेल्या. लस होती, पण अजून एका शहराच्या एका कोपऱ्यात होती. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की माझ्या पोटात आजही कालवतं. गावोगावच्या लोकांना तेव्हा एकच उपाय माहीत होता. उंदीर पडले की घराला कुलूप लावायचं आणि रानात झोपडी टाकून राहायचं.

हाफकिनच्या वाट्यालाही दुःख आलं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका त्याच्यावर आला. बाटली प्रयोगशाळेतून शुद्ध निघाली होती हे मान्य व्हायला पाच वर्षं गेली. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

विहिरीत टीसीएल, रक्तातही तेच

पहिल्या पावसानंतर भोरच्या वाड्यावस्त्यांवर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक बादलीत टीसीएल पावडर कालवतो. वर निवळ येते, ती विहिरीत ओततो. थोड्या वेळानं पाण्याचा नमुना घेऊन ओटी टेस्ट करतो. पाणी पिवळं झालं की क्लोरीन बसला. पाण्यात मिसळल्यावर त्या पावडरीतून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि खरा जंतूंचा काळ तेच.

तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी सगळ्यात मोठा जथा न्यूट्रोफिल नावाच्या पेशींचा. ही पेशी जंतू गिळते, त्याला पोटातल्या पिशवीत कोंडते आणि तिथं तेच हायपोक्लोरस आम्ल तयार करते! कच्चा माल काय, तर अंगातलं मीठ. जलसुरक्षकाची बादली आपण प्रत्येक जण अंगात घेऊन फिरतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

आणखी ऐका. मोठ्या माणसाच्या हाडांच्या मगजात दिवसाला सुमारे १० हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. त्यांचं रक्तातलं आयुष्य दिवसभराच्या आसपास. भाचीच्या टाचेतला पू म्हणजे प्रामुख्यानं लढून मेलेल्या याच पेशी. जुन्या सर्दीचा शेंबूड हिरवट का दिसतो? ते आम्ल तयार करणारा जो विकर या पेशींत असतो, त्याचाच रंग हिरवा आहे.

गिळून भागलं नाही, तर न्यूट्रोफिल आणखी एक गोष्ट करतो. स्वतःच्या केंद्रकातला डीएनएचा गुंता सोडवून जाळ्यासारखा बाहेर फेकतो आणि जंतू त्यात अडकतात. भाटघरच्या फुगवट्यात मासे धरणारा फेकतो तसंच. फरक एवढाच की जाळं फेकताना बहुतेकदा हा कोळी स्वतः मरतो. २००४ मध्ये हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं.

काही मुलं या आम्लाची भट्टी पेटवता न येणाऱ्या पेशी घेऊनच जन्माला येतात. त्यांना साध्या बुरशीनंही जिवावरचं दुखणं होतं. अशा मुलांना गॅमा इंटरफेरॉन देतात. हे औषध जंतूला मारत नाही. आपल्याच पेशी एकमेकींना जो निरोप पाठवतात, तो बाहेरून बनवून दिलेला असतो. जंतूऐवजी पेशीला औषध, असा हा उपचार आहे.

अवधाण

पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, हाताला झाली की काखेत. आपल्याकडे म्हणतात, "अवधाण आलंय." या शब्दावर माझा फार जीव आहे, कारण लोकांनी जखम आणि दूरची गाठ यांचं नातं पुस्तकाआधी ओळखलं होतं. त्या गाठी म्हणजे पहारेकऱ्यांची ठाणी. जखमेपाशी जंतूचा तुकडा उचलून एक पेशी या ठाण्यावर येते आणि तिथल्या हजारो पेशींना दाखवत फिरते. ज्या पेशीला तो नेमका जुळतो, ती वाढू लागते. एकीच्या दोन, दोघींच्या चार. गाठ सुजते ती या गर्दीनं. अवधाण काही दिवसांत ओसरायला हवं. दोन-तीन आठवडे झाले तरी गाठ तशीच असेल किंवा वाढत असेल, तर मात्र दवाखाना गाठायचा. ती क्षयाचीही असू शकते.

पहिला चीक कुणाचा?

माझा जीव ज्यात सगळ्यात जास्त अडकला आहे, ती ही गोष्ट.

आईच्या पोटातल्या बाळाला वारेतून आईची प्रतिपिंडं मिळतात. प्रतिपिंडं म्हणजे रक्तरसातली रोग ओळखणारी ती द्रव्यं, ज्यांच्यासाठी एर्लिखची बाजू भांडत होती. माणसाचं बाळ ही शिदोरी बांधून घेऊनच जगात येतं. गरोदरपणी आईला धनुर्वाताचं इंजेक्शन देतात ते याचसाठी. लस आईला, पण कवच दोघांना. एकेकाळी नाळ कापताना लागलेल्या मळानं किती बाळं आठवड्याभरात जात! २०१५ मध्ये भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. त्यामागे वाड्यावस्त्यांवर निळा डबा खांद्याला लावून चालत गेलेल्या सिस्टरांचे आणि आशाताईंचे पाय आहेत.

गाईचं तसं नाही. गाईच्या वारेची रचनाच अशी की त्यातून प्रतिपिंडं वासराकडे जात नाहीत. वासरू उघडंवागडं जन्मतं. त्याची सगळी शिदोरी पहिल्या चिकात असते. आणि वासराच्या आतड्याचं दार ती शिदोरी अख्खी आत घ्यायला थोडेच तास उघडं असतं. तासागणिक ते मिटत जातं, साधारण २४ तासांत बंद होतं. मग कितीही चीक पाजा, प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत.

आमच्या वेल्ह्याकडच्या गोठ्यात गाय व्याली ती रात्र मला आठवते. आषाढाची झड, कंदिलाचा उजेड, वासरू अजून थरथरत होतं. मी शहरातून गेलेली, त्यामुळे मला खरवसाचे वेध. मामा म्हणाले, "वार पडायची वाट नाही बघायची. आधी त्याच्या तोंडात." त्यांनी वासराचं तोंड आचळाला लावलं, दोन बोटांनी धार सोडली, आणि चीक ओठांवरून ओघळताना वासरानं शेपूट हलवली. खरवस आम्हाला मिळाला, पण वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा. वेलदोडा घातलेला, सुरीनं वड्या पडाव्यात असा घट्ट. चीक नुसता तापवला तरी थिजतो, तो त्यातल्या भरमसाट प्रथिनांमुळे. त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडांचाच. शास्त्रज्ञांनी याचाही उपयोग करून पाहिला आहे. गाभण गाईला एखाद्या जुलाबाच्या जंतूची लस टोचायची आणि तिचा चीक माणसाच्या त्याच रोगावर द्यायचा.

तेव्हा खरवस विकत घेताना एवढं विचाराच, "वासराला पाजला का?"

कोंबडीच्या शेपटीखाली

प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात. हा बी कुठून आला? कोंबडीतून! कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेला लागून एक छोटी पिशवी असते, बर्सा नावाची. अमेरिकेत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी या पिशवीचा उपयोग शोधायला ती कापून बघत होता. काहीच फरक दिसेना. त्याच्या मित्राला वर्गात प्रात्यक्षिकासाठी कोंबड्या हव्या होत्या, त्यानं यातल्याच नेल्या. जंतू टोचले, आणि पिशवी कापलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडंच तयार होईनात. १९५६ मध्ये हा निबंध कोंबडीपालनाच्या मासिकात छापून आला, कारण मोठ्या मासिकाला तो महत्त्वाचा वाटला नव्हता. खेड-शिवापूर ते भोर रस्त्यावर पोल्ट्रीच्या शेड दिसल्या की मला तो निबंध आठवतो. त्या शेडमध्ये मानमोडीवर पिल्लांच्या डोळ्यात लासोटा लसीचा थेंब सोडतात, त्यातला विषाणू ओळखून ठेवण्याचं पुढचं सगळं काम याच पिशवीतून आलेल्या पेशी करतात.

शेळीची लस गाईला

२०२२ मध्ये लम्पीनं महाराष्ट्रातले गोठे हादरले. अंगभर गाठी, ताप, खाणं बंद. नेमकी लम्पीची लस हाताशी नव्हती. मग गाईंना दिली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. दोन्ही विषाणू चुलत भाऊ. एकाची ओळख पटलेली पेशी दुसऱ्यालाही धरते. नेमकी लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी शोधली आणि ती बनवण्याचं तंत्र पुण्याच्या औंध इथल्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेकडे आलं.

ही युक्ती जुनीच. गाईच्या देवीनं माणसाची देवी टळते, हे जेन्नरनं दाखवलं. ती लस बगदाद, बसऱ्यावरून माणसामागून माणसाच्या दंडावर प्रवास करत मुंबईत पोचली. १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातली ती पहिली लस आणि या देशात त्यानंतर सुरुवातीला दिलेल्या देवीच्या लसीचा उगम त्या एका चिमुकल्या दंडात.

जाता जाता शब्दाची गंमत. गुराढोरांच्या ज्या रोगाला आपण घटसर्प म्हणतो, तो वेगळा. माणसांच्या पोरांचा घटसर्प वेगळा. जंतू वेगळे, लसी वेगळ्या. नाव एक पडलं ते दोन्हींत गळा सुजतो म्हणून.

मलेरिया देऊन नोबेल

अंगात कणकण आली की आपण लगेच गोळी शोधतो. पण ताप हा रोगानं दिलेला नसतो, मेंदूनं मुद्दाम चढवलेला असतो. वाढलेल्या उष्णतेत पांढऱ्या पेशी चपळ होतात, पुष्कळ जंतू मंदावतात. व्हिएन्नाच्या युलिउस वाग्नर-याउरेग यानं १९१७ मध्ये मेंदूत पोचलेल्या उपदंशाच्या रोग्यांना चक्क मलेरिया दिला. हिवतापाच्या झटक्यांनी उपदंशाचे जंतू हटवायचे आणि नंतर क्विनीननं मलेरिया उतरवायचा. बरेच रोगी सुधारले, काही मलेरियानंच गेले. १९२७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पेनिसिलीन आलं आणि हा उपचार संपला, बरंच झालं. लहान लेकराचा चढता ताप मात्र अंगावर काढायचा नाही.

ताट हेच औषध

आता क्षयाकडे. डाव्या दंडावर वर पाहा, बहुतेकांना एक गोल व्रण दिसेल. ती बीसीजी. कालमेट आणि गेरँ या दोघांनी गाईच्या क्षयाचा जंतू पित्त लावलेल्या बटाट्यावर १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं, २३० वेळा नव्यानं लावून मवाळ केला. मध्ये पहिलं महायुद्ध होऊन गेलं, त्यांचं गाव जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी बटाटे बदलणं थांबलं नाही. हाच कालमेट सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या पहिल्या जनकांपैकी एक. घोणस, फुरशाच्या मुलुखात राहणाऱ्यांनी त्याचे दोनदा आभार मानायला हवेत. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसात तिचा भरवसा कमी. पण ती पांढऱ्या पेशींना एकूणच सावध करते. इतकी, की मूत्राशयाच्या कर्करोगावर आजही तीच औषध म्हणून आत सोडतात.

जगातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांच्या अंगात क्षयाचा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे. त्यांतल्या १०० पैकी फार तर ५ ते १० जणांनाच आयुष्यात रोग होतो. बाकीच्यांत भक्षक पेशी जंतूला गिळतात, भोवती भिंत बांधतात, कोंडून ठेवतात. पण हा जंतू चिवट. पेशीनं गिळला तरी तिच्या पोटातली पाचक पिशवी तो आपल्यापर्यंत पोचूच देत नाही.

यावर पेशीकडेच एक तोड आहे. पेशी उपाशी राहिली की स्वतःच्या आतला जुना माल गोळा करून जाळते. याला स्वभक्षण म्हणतात. ते कसं चालतं हे यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेच्या ताटलीत क्षयाचे जंतू गिळलेल्या पेशी उपाशी ठेवल्या. स्वभक्षण पेटलं, आणि त्या सपाट्यात लपलेले जंतूही पाचक पिशवीत ढकलले गेले! तेव्हापासून औषधानं हे स्वभक्षण पेटवून क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांना हात देता येईल का, यावर जगभर काम चाललंय.

पण इथं थांबा. यावरून कुणी "एकादशी केली की क्षय जातो" असं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. ताटलीतल्या पेशीची भूक वेगळी आणि माणसाची भूक वेगळी. माणूस उपाशी राहिला तर भिंत बांधणारे गवंडीच खचतात. याचा पुरावा आपल्याच देशात झारखंडात मिळाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी क्षयरोग्यांच्या घरातल्या १० हजारांहून जास्त माणसांची पाहणी केली. निम्म्या घरांत माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निकाल आला. ज्या घरांत शिधा पोचला, तिथं नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, आणि थुंकीतून पसरणारा क्षय जवळपास निम्म्यावर आला. तांदूळ नि डाळ! अंगातल्या पेशींना बळ देणारा एवढा स्वस्त उपचार मला दुसरा माहीत नाही. निक्षय पोषण योजनेत उपचार घेणाऱ्याला आता महिन्याला १००० रुपये मिळतात. वेल्ह्याच्या टोकाच्या वाडीवर कुणाला क्षय निघाला तर गोळ्या पुऱ्या मुदतीपर्यंत गेल्याच पाहिजेत, आणि त्याच्याबरोबर घरातल्या सगळ्यांच्या ताटात नाचणीची भाकरी, डाळ, अंडं पडतंय का हेही विचारलं गेलं पाहिजे.

कुत्रं चावलं तर

रेबीजचा विषाणू रक्तातून धावत नाही. चाव्याच्या जागेहून तो नसांच्या आतून मेंदूकडे सरपटत जातो, बहुतेकदा आठवडे-महिने लावतो. नसांच्या आडोशानं गेल्यामुळे पहाऱ्याला पत्ताच लागत नाही. हा वेळ हीच आपली संधी. १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम धुवायची, जखमेत तयार प्रतिपिंडं टोचून घ्यायची, आणि लस सुरू करायची म्हणजे अंगाची स्वतःची प्रतिपिंडं विषाणू मेंदूत पोचण्याआधी तयार होतात. ही तयार प्रतिपिंडं पूर्वी फक्त घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढावी लागत. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकी संस्थेच्या साथीनं ती पेशींच्या संवर्धनातून बनवली. या कंपनीची कथाही घोड्यांपासूनच सुरू होते. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे घोडे हाफकिन संस्थेला सिरमसाठी दिले जात, त्यातून १९६६ मध्ये स्वतःच सिरम बनवण्याची कल्पना निघाली.

पोटातली १४ इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली. आता दंडावर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, सरकारी दवाखान्यात मोफत. मिरची किंवा चुना लावून बसू नका, कळवळून सांगते.

आवरतं घ्या

फौज बेभान झाली तर? कोविडच्या गंभीर रोग्यांत पुष्कळदा फुप्फुसं उद्ध्वस्त केली ती विषाणूइतकीच स्वतःच्या पेशींनी. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी केले, तेही पेशींना शांत करून. उलट बरं झालेल्यांचा प्लाझ्मा देण्यासाठी लोक रात्र रात्र फोन फिरवत होते, पण आपल्याच देशातल्या ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रोग्यांवरच्या पाहणीत त्याचा उपयोग दिसला नाही. कल्पना गोड असली तरी मोजून बघावी लागते.

पेशींना नुसतं आवरत नाहीत, शिकवतातही. रोग्याच्या अंगातून पांढऱ्या पेशींतल्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना नवी नजर द्यायची आणि सलाइनमधून परत सोडायच्या, हे आता मुंबईत होतं. आयआयटी आणि टाटा रुग्णालयाच्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती रक्ताच्या कर्करोगासाठी आहे. पण मगज बदललेल्या रोग्यांना विषाणूंनी गाठलं तर दात्याच्या, त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी देण्याचा उपचार जगात काही ठिकाणी चालू आहे. शिकवलेल्या पेशीच औषध झाल्या.

भाताच्या पानावरचा ठिपका

आणि ज्याला रक्तच नाही, त्यानं काय करावं? श्रावणात भोरच्या खाचरात उतरा. लावणी होऊन महिना झालेला असतो, पानांवर करप्याची बुरशी बसायला टपलेली असते. भाताकडे धावून येणाऱ्या पेशी नाहीत. तिथं प्रत्येक पेशी जागच्या जागी उभी आणि स्वतःच स्वतःची राखणदार. स्यूडोमोनास लावून बियाणं पेरतात तेव्हा मुळाशी बसलेले ते उपकारी जंतू रोपाच्या पेशींना आधीच जागं करून ठेवतात. बुरशीचा धागा आत शिरला की रोगाला दाद न देणाऱ्या वाणात ती पेशी आणि तिच्या शेजारणी चटकन मरून जातात. भोवती जिवंत काही उरत नाही, म्हणून बुरशीला पुढे खायला मिळत नाही. मामांनी असं एक पान तोडून माझ्या हातावर ठेवलं होतं. हिरव्यागार पात्यावर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका, आणि त्याच्या पलीकडे पान जसंच्या तसं.